क्राउन-पिनियन निवडताना : आधी कागद-पेन्सिल, मग जॅक

शिरूरच्या एका तरुण वाचकाचे पत्र या पानाकडे आले आहे. मुलगा पुण्यात जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात काम शिकतो. त्याने लिहिले आहे : 'उस्ताद, आमच्याकडे एमजी टीडी आली आहे. दोन सीटची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी. मागच्या हौसिंगमधला क्राउन-पिनियन खाल्लेला आहे. गाडीचे मालक म्हणतात, उघडलेच आहे तर असा जोड टाका की हायवेला गाडी पळाली पाहिजे. एक जण म्हणतो ३९-८ टाक, दुसरा म्हणतो ४३-१० टाक. मला दोन्हींतले काही कळत नाही. तुम्ही सांगाल तो टाकतो.'

शेवटचे वाक्य वाचून आम्हाला हसू आले आणि थोडी काळजीही वाटली. 'तुम्ही सांगाल तो' असे म्हणून टाकलेला क्राउन-पिनियन आम्ही पुष्कळ पाहिला आहे. एकदा तर आमच्याच हाताने टाकला होता. त्याची हकीकत पुढे येईलच. एमजी गाडीच्या खाली आम्ही कधी झोपलो नाही. आमची उमर जीप, टेम्पो आणि उसाच्या ट्रकांखाली गेली. पण हौसिंगच्या आतले गणित गाडीची किंमत पाहून बदलत नाही. म्हणून या मुलाला उत्तर देताना आम्ही शिरूर-दौंडच्या जीपचाच दाखला घेणार आहोत. इतर कारागीर भाईंनाही आणि जुने सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारांनाही त्याचा उपयोग होईल.

आधी शब्द साफ करून घेऊ. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. त्याला लागून फिरणारे मोठे चाक म्हणजे क्राउन. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की जे उत्तर येते, तो रेशो. ४३ दातांचा क्राउन आणि ८ दातांचा पिनियन असेल तर ५.३८. म्हणजे शाफ्ट पाच वेळा पूर्ण आणि वर थोडा अधिक फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. ट्रकच्या दुकानात 'सहा-एकेचाळीस' आणि 'सात-एकेचाळीस' अशी नावे रोज कानावर पडतात. सहा-एकेचाळीस म्हणजे ६.८३, सात-एकेचाळीस म्हणजे ५.८६. आकडा मोठा तितका चाकावर जोर जास्त आणि वेग कमी. आकडा लहान तितका वेग जास्त आणि जोर कमी. मोठ्या आकड्याला आम्ही ओढीचा जोड म्हणतो, लहान आकड्याला पळीचा. गिऱ्हाईक नेहमी दोन्ही मागते. दोन्ही एका हौसिंगमध्ये बसत नाहीत.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ४३-८, ३९-८, ४१-६ हे आकडे असे वाकडे का? ४०-८ का नाही, म्हणजे सरळ पाच? कारण ४० ला ८ ने पूर्ण भाग जातो. मग पिनियनचा एक दात आयुष्यभर क्राउनच्या त्याच पाच दातांवर बसेल. एखाद्या दाताला बारीक खोट असली तर तीच खोट त्याच जागी घासत राहील. ४३ आणि ८ मध्ये सामाईक भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक दाताची प्रत्येक दाताशी गाठ पडते आणि झीज सर्वांत वाटली जाते.

हिशोब कसा करायचा

हिशोबाला तीन आकडे लागतात : टायरचा एक फेर, इंजिनाच्या फेऱ्या आणि रेशो.

टायरचा फेर पुस्तकातून घेऊ नये. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, नेहमीचा लोड आणि नेहमीची हवा ठेवावी. टायरला आणि खाली फरशीला खडूची खूण करावी. गाडी सरळ ढकलत खूण पुन्हा खाली येईपर्यंत न्यावी आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे. जीपच्या जुन्या ६.००-१६ टायरचा हा फेर साधारण २.२ मीटर भरतो.

आता टॉप गिअरमध्ये गिअरबॉक्स सरळ, एकास एक आहे असे धरा. इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या गुणिले टायरचा फेर गुणिले ०.०६, भागिले रेशो. उत्तर येईल ते ताशी किलोमीटर. उदाहरणार्थ, ३००० फेऱ्या आणि २.२ मीटर यांचा गुणाकार ०.०६ ने गुणला की ३९६. त्याला ५.३८ ने भागा, सुमारे ७४ किलोमीटर. ४.८८ ने भागा, ८१ किलोमीटर. इंजिन तेच, आवाज तोच, फक्त हौसिंगमधला जोड बदलला आणि सात किलोमीटरचा फरक पडला.

एवढेच असते तर प्रत्येकाने लहान आकड्याचा जोड टाकून मोकळे व्हायचे. पण हा हिशोबाचा अर्धाच भाग आहे. उरलेल्या अर्ध्याकडे वळण्याआधी जीपचा इतिहास थोडा पाहू, कारण कंपनीनेच हा धडा पहिल्यांदा गिरवून दाखवला आहे.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ३९-८ वर, म्हणजे ४.८८ वर धावत होती. युद्ध संपले आणि १९४५ मध्ये विलीजने तीच गाडी शेतकऱ्यासाठी म्हणून बाजारात आणली. टायरचे माप तेच ठेवले, पण हौसिंगमध्ये जोड बदलून ४३-८ चा, ५.३८ चा टाकला. का? सैनिकाला माणसे घेऊन पळायचे होते, शेतकऱ्याला नांगर आणि ट्रेलर ओढायचा होता. काम बदलले तसा आकडा बदलला. पुढे मुंबईत महिंद्रांनी जीप बनवायला घेतली. तिच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत हाच शेतीचा ५.३८ आला आणि आपल्या तालुक्यांत पोचला.

पेट्रोलवर तो ठीक होता. ते इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत जाणारे. पण पेट्रोल परवडेना, तेव्हा गावोगावी जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली. कोणी जीपसाठीच आलेले डिझेल इंजिन बसवले, कोणी चक्क ट्रॅक्टरचे. ट्रॅक्टरचे इंजिन म्हणजे साधारण २००० फेऱ्यांच्या आसपास काम करणारे. आता वरचा हिशोब पुन्हा करा : २००० फेऱ्या, २.२ मीटरचा टायर, ५.३८ चा जोड. उत्तर येते ताशी ४९ किलोमीटर. पाटसजवळच्या सोलापूर रस्त्यावर ही जीप चढली की मागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न देत ओलांडून जाई, आणि ड्रायव्हर आक्सिलेटर दाबून इंजिनाला त्याच्या मर्जीपलीकडे पळवी. धूर, गरमी, गास्केट. हे इंजिन फाटके नव्हते. त्याला चुकीचा जोड मिळाला होता.

त्या काळात 'मिस्त्री, जीप पळत नाही' ही तक्रार घेऊन येणारी गिऱ्हाइके आम्हाला पुष्कळ मिळाली. युद्धाच्या जीपचा ३९-८ जुन्या बाजारात मिळे. तो टाकला की त्याच २००० फेऱ्यांना ५४ किलोमीटर. फार नाही, पण दिवसभर चालणाऱ्या गाडीला पाच किलोमीटरचा आराम मोठा असतो.

आमची चूक

तीस-एक वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात न्हावऱ्यावरून, भीमेपलीकडून, एक दूधवाले आमच्या शिरूरच्या गॅरेजात आले. भीमाकाठच्या वस्त्यांवरून दूध गोळा करून ते दौंडला पोचवत. जीप डिझेलची केलेली, जोड ५.३८ चा. म्हणाले, 'चाचा, सकाळचे दूध वेळेत पोचत नाही. काहीतरी करा.' आम्ही मागचे हौसिंग उघडले आणि ३९-८ टाकला. पुढच्या हौसिंगसाठी दुसरा जोड हवा होता, तो त्या आठवड्यात मिळाला नाही. त्यांना घाई होती, आम्हालाही पैशाची निकड होती. आम्ही म्हणालो, 'मागच्यावर चालवा. पुढचा गिअर तेवढा टाकू नका. जोड मिळाला की पुढचाही करून देतो.' ते हो म्हणाले.

पण जीप ते एकटे चालवत नव्हते. पंधरा दिवसांनी त्यांचा पुतण्या गाडी घेऊन नदीकाठी गेला. काळ्या मातीत चाके रुतली. त्याने चारचाकी गिअर टाकला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. चिखलात चाके घसरू शकतात म्हणून गाडी निघाली. डांबरीवर आल्यावर त्याने गिअर काढायला हात घातला, तर दांडा हलेना. पुढची चाके एका हिशोबाने फिरू पाहत होती, मागची दुसऱ्या हिशोबाने. दर दहा फेऱ्यांना एक फेरीचा फरक. डांबर घट्ट, चाके घसरायला तयार नाहीत. मधल्या ट्रान्स्फर गिअरबॉक्सवर तो सगळा ताण आला. थोड्याच अंतरात आतून आवाज झाला, दात तुटले आणि हौसिंगला तडा गेला. कॅनमधले दूध तिथेच नासले.

दुरुस्तीचा सगळा खर्च आम्ही सोसला. त्या दिवशीच्या दुधाचे पैसेही दिले. त्यांनी मागितले नव्हते, पण गाडीतला ऐब आम्हाला ठाऊक होता आणि गाडी आम्ही रस्त्यावर सोडली होती. तोंडी सांगितले म्हणजे सांगितले असे होत नाही. ऐब तसाच ठेवून गाडी द्यायचीच असेल तर चालवणाऱ्या प्रत्येकाला कळेल असा द्यावा. आम्ही निदान पुढचा शाफ्ट खोलून बाजूला ठेवायला हवा होता. दहा मिनिटांचे काम होते. त्यानंतर आमच्या गॅरेजातून एकही चारचाकी जीप पुढे एक रेशो आणि मागे दुसरा रेशो अशी बाहेर पडली नाही. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे गेले तरी चालेल, असा आमचा नियम झाला.

त्याच दिवसापासून आणखी एक सवय लागली. जोड बदलला की पत्र्याच्या पट्टीवर दातांचे आकडे ठोकून ती पट्टी हौसिंगच्या झाकणाच्या बोल्टाखाली अडकवायची. कंपन्याही अशी पट्टी लावतात, पण दुरुस्त्यांत ती हरवते. दहा वर्षांनी गाडी उघडणाऱ्या कारागिराला ती पट्टी दुवा देते.

ओढीचा हिशोब

आता राहिलेला अर्धा भाग. वेग मिळाला, पण ओढ किती गेली?

समजा इंजिनाचा जोर १२ किलोग्रॅम-मीटर आहे. तीन गिअरच्या जुन्या जीपचा दुसरा गिअर १.५५ चा. १२ गुणिले १.५५ गुणिले ५.३८ म्हणजे सुमारे १००. वाटेत घर्षणात दहावा भाग जातो असे धरा, उरले ९०. टायरची त्रिज्या सुमारे ०.३५ मीटर, त्याने भागले की चाकाने रस्त्याला लावलेली ओढ येते : सुमारे २५७ किलो. हाच हिशोब ४.८८ वर केला तर २३३ किलो.

आता चढ घ्या. माणसांसकट गाडी २००० किलोची, आणि रस्ता दहा मीटरला एक मीटर चढणारा. नुसत्या चढाला २०० किलो लागतील. खडबडीत रस्त्याला आणखी चाळीसेक किलो धरा. एकूण २४०. म्हणजे ५.३८ वाली जीप दुसऱ्या गिअरमध्ये वर जाईल आणि ४.८८ वाली तिथेच धापा टाकील, ड्रायव्हरला पहिला टाकावा लागेल. फरक फक्त दहा टक्क्यांचा, पण तो नेमका कामाच्या जागी आला.

म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न इंजिनाचा विचारत नाही, वाटेचा विचारतो. गाडी रोज कुठून कुठे जाते? टाकळी हाजी, मलठणकडच्या खडकाळ वाटांवर, ओढ्यात उतरून पुन्हा चढणारी गाडी असेल तर तिचा ५.३८ कोणी काढू नये, मग इंजिन कोणतेही असो. आणि चौफुल्यावरून पाटस, कुरकुंभ अशी सपाट डांबरीवर जाणारी असेल तर ४.८८ तिला शोभेल. शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके, मध्ये एक भीमा नदी. पण जीपच्या हौसिंगला विचाराल तर हे दोन वेगळे मुलूख आहेत. दोन्हींकडे जाणारी गाडी असेल तर? मग तिच्या सर्वांत अवघड चढाचा हिशोब करा. चढावर अडली तर दिवस जातो, सपाटीवर हळू गेली तर पंधरा मिनिटे जातात.

डिझेल वाचेल म्हणून जोड बदला, असेही काही जण सांगतात. वाचते, पण किती ते कागदावर पाहा. समजा लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी १३ देऊ लागली. दिवसाला १०० किलोमीटर चालत असेल तर रोज सुमारे ०.६४ लिटर वाचेल, वर्षाच्या ३०० दिवसांत १९२ लिटर. त्यात जोड, बेअरिंगे आणि मजुरी सुटू शकते. पण वीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीत वर्षाला जेमतेम ३८ लिटर वाचतील. तिला हौसिंग उघडण्याचा सल्ला देणारा मिस्त्री स्वतःचा फायदा पाहतो आहे. उलट लोड जास्त आणि आकडा लहान झाला तर ड्रायव्हर सतत गिअर खाली घेतो, क्लच जळतो आणि बचत उलटी फिरते.

टायरची गोष्ट मात्र आजच्या पोरांनी नीट ऐकावी. जुन्या जीप आता शौकाने घेतल्या जातात, आणि घेतल्या की पहिले काम मोठे टायर. मोठा टायर म्हणजे पैसे न देता बदललेला क्राउन-पिनियन. २८ इंचाच्या जागी ३१ इंचाचा टायर आला की ५.३८ चा जोड ४.८६ सारखा वागू लागतो. म्हणजे ३९-८ टाकल्यासारखेच झाले. वर पुन्हा कोणी खरोखरचा ३९-८ टाकला तर ती गाडी ४.४० वर जाऊन बसते, आणि मग 'इंजिनात दम नाही' म्हणून इंजिन उघडले जाते. मोठ्या टायरची जीप आली तर जोडाला हात लावण्याआधी खडू आणि टेप काढा.

स्पीडोमीटरचेही असेच. जीपमध्ये त्याची केबल ट्रान्स्फर गिअरबॉक्सवरून निघते, चाकावरून नाही. ५.३८ काढून ४.८८ टाकला की काटा ६० वर असताना गाडी खरे तर ६६ ने पळत असते. गिऱ्हाइकाला हे सांगितले नाही तर पोलिसाने अडवल्यावर तो तुमचे नाव घेईल.

जुना जोड घेताना

गाडीत कोणता रेशो आहे हे हौसिंग न उघडताही कळते. गिअर न्यूट्रलला ठेवा, एक मागचे चाक जॅकवर उचला, दुसरे जमिनीवर राहू द्या आणि त्याला पुढून-मागून दगड लावा. उचललेले चाक बरोबर दोन वेळा फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. दोन फेऱ्या अशासाठी की दुसरे चाक थांबलेले असल्याने क्राउन चाकाच्या निम्माच फिरतो. शाफ्ट पाच वेळा पूर्ण फिरून वर तिसऱ्या भागापेक्षा थोडा जास्त गेला तर ५.३८, पाचाला किंचित कमी पडला तर ४.८८. खात्री करायची तर चाक वीस वेळा फिरवा : ५४ च्या जवळ आला तर ५.३८, ४९ च्या जवळ आला तर ४.८८. जुन्या बाजारात हौसिंगसकट माल घेताना ही परीक्षा तिथेच उभ्या उभ्या करता येते. विकणाऱ्या भाईंनीही ती स्वतः करून आकडा खडूने लिहून ठेवावा. 'जीपचा आहे, घेऊन जा' एवढ्यावर विकलेला जोड परत येतो, आणि सोबत भांडण घेऊन येतो.

सुटा जोड घेताना क्राउन आणि पिनियन एकाच घरातले आहेत का ते पाहा. कारखान्यात दोन्ही चाके एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोन्हींवर एकच नंबर कोरतात. नंबर जुळत नसतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नका, चार दिवसांत रडू लागेल. दातांवर एकसारखी करडी चमक असेल तर चांगले. टोकाला कपची, मध्ये खड्डे किंवा निळसर जळका रंग दिसला तर तो भंगार म्हणूनच घ्यावा. नवा हवा असेल तर आपल्या राज्यातच कारखाने आहेत. भारत गिअर्सचे मुंब्र्याचे आणि लोणंदचे कारखाने या धंद्यात ठाऊक असलेले आहेत.

बसवणीबद्दल थोडक्यात, कारण ती हाताने शिकायची गोष्ट आहे. पिनियनची खोली शिमने जुळवायची, बेअरिंगला नेमका ताण द्यायचा, क्राउनचा प्ले डायलवर पाहायचा. मग दातांना निळा रंग लावून फिरवायचे. रंगाचा ठसा दाताच्या मधोमध पडला पाहिजे. टोकाला किंवा बुडाला पडला तर पुन्हा खोला. जुने शिम जसेच्या तसे टाकून नवा जोड बसवणारे कारागीर आहेत, आणि त्यांच्या गाड्या लांबूनच आवाजावरून ओळखू येतात. नव्या जोडाला पहिले पाचशे किलोमीटर हलका लोड द्या, मग तेल बदला. तेल गिअरचेच, नव्वद नंबरचे, दाब सोसणारे. इंजिनाचे उरलेले तेल हौसिंगमध्ये ओतण्याची काटकसर कोणी करू नये.

आता त्या मुलाच्या एमजीकडे. तुझ्या टीडीमध्ये कंपनीने ४१-८ चा, म्हणजे ५.१३ चा जोड दिला होता. इंजिन १२५० सीसी, ताकद ५४ घोड्यांची, आणि ती मिळते ५२०० फेऱ्यांवर. लहान इंजिन, म्हणून त्यांनी ओढीचा जोड दिला. पुढे १९५३ मध्ये याच घराण्यातली टीएफ आली तेव्हा कंपनीने स्वतःच तो ३९-८ वर नेला. आकडे पाहा : आपल्या युद्धाच्या जीपचे जे दात, तेच दात. अर्थात जोड एकमेकांत बसणार नाहीत, कोणी तसा प्रयत्न करू नये. आणि ४३-१०, म्हणजे ४.३ चा, हा १९५५ साली आलेल्या एमजीएचा. त्या गाडीचे इंजिनच मोठे होते.

टायरचा फेर तू खडूने मोज. आम्ही येथे २ मीटर धरतो. ४००० फेऱ्यांना ५.१३ वर सुमारे ९४ किलोमीटर, ४.८८ वर ९८, आणि ४.३ वर ११२. तुझ्या मालकांना हा ११२ चा आकडा आवडेल. पण त्यांना विचार, रविवारी गाडी कुठे नेता? नगर रस्त्याने शिरूरपर्यंत किंवा सोलापूर रस्त्याने भिगवणपर्यंत सपाटीवर फिरणार असतील तर ४.३ चा विचार करता येईल. मात्र एमजीएचा जोड टीडीच्या हौसिंगमध्ये सरळ बसत नाही, लेथवर काम निघते, ते खर्चात धर. लोणावळा, महाबळेश्वर, खंबाटकी आणि पसरणीचा घाट असा शौक असेल तर ४.३ ने चाकावरची ओढ सोळा टक्क्यांनी घटेल. दोन माणसे आणि सामान घेऊन घाटात प्रत्येक वळणावर गिअर खाली घ्यावा लागेल, आणि सत्तर वर्षांचे इंजिन ते फार दिवस सोसणार नाही.

रेसच्या गाड्या बनवणारेसुद्धा जागा पाहूनच जोड टाकत. फ्रान्समधल्या ल मांच्या शर्यतीत १९९० पूर्वी सुमारे सहा किलोमीटरचा सरळ पट्टा होता, तिथे पळीचा जोड लागे. मोनॅकोच्या गल्ल्यांत तीच गाडी न्यायची तर ओढीचा. इंग्लंडच्या ट्रायम्फ टीआर गाड्यांत नेहमीचा ३.७ होता, आणि ज्याने ओव्हरड्राइव्ह घेतला त्याला ४.१ चा पर्याय होता, कारण पळण्याचे काम ओव्हरड्राइव्ह करणार होता. त्यांनाही दोन्ही गोष्टी एका जोडात मिळाल्या नाहीत, तेव्हा तुझ्या मालकांनीही हट्ट करू नये.

आमचे मत विचारशील तर ३९-८. टीएफचाच आहे, कंपनीनेच त्याच इंजिनाच्या घराण्यावर चालवून पाहिला आहे, घाटात फार त्रास देणार नाही. वेग चारच किलोमीटरने वाढेल, हे मालकांना हौसिंग उघडे असतानाच सांग, बंद केल्यावर नाही. त्यांना ४.३ च हवा असेल तर वरचे आकडे कागदावर लिही, त्यांच्या हातात दे आणि मग त्यांना ठरवू दे. कागदाची एक प्रत तुझ्या उस्तादांकडे ठेव. आणि पत्र्याची पट्टी बोल्टाखाली लावायला विसरू नकोस.